पुणे–सोलापूर महामार्ग : टेंभुर्णी टप्प्याचे चौपदरीकरण

पुणे–सोलापूर महामार्ग : पुणे व सोलापूर ही शहरे जोडणारा आणि पुढे हैदराबाद, विजयवाडा या मार्गाने बंगालच्या उपसागरावरील मच्छलीपट्टण बंदरापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग. त्याचा जुना क्रमांक ९ असून २०१० च्या नव्या क्रमवारीनुसार तो ६५ झाला. पुणे ते सोलापूर हे अंतर सु. २५० किमी. आहे. या लांबीत सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. माढा) हे पुण्यापासून सु. १६५ किमी. अंतरावरील सर्वांत महत्त्वाचे तिठ्याचे ठिकाण होय. येथून दक्षिणेस करकंबमार्गे पंढरपूरकडे, ईशान्येस कुर्डुवाडी व बार्शीमार्गे मराठवाड्याकडे आणि पश्चिमेस अकलूजकडे रस्ते फुटतात. प्रस्तुत नोंदीत या महामार्गाचा पूर्वेतिहास व विशेषतः टेंभुर्णी परिसरातून तो एकपदरीचा दुपदरी आणि दुपदरीचा चौपदरी कसा झाला, याचा आढावा घेतला आहे.

टेंभुर्णी हे ग्रामनाम त्याच नावाच्या वृक्षावरून पडले असावे. महाराष्ट्रात या नावाची इतरही गावे आहेत. गावातील गढीचा संबंध उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी सदाशिव माणकेश्वर यांच्याशी जोडला जातो. तथापि आजच्या टेंभुर्णीचे महत्त्व गढीमुळे आलेले नाही, ते रस्त्यामुळे आले आहे. तालुक्याचे ठिकाण माढा येथे, रेल्वेचे प्रस्थानक कुर्डुवाडी येथे आणि तीर्थक्षेत्र पंढरपूर येथे. या तिहींपैकी एकही टेंभुर्णीच्या वाट्यास आले नाही. असे असता बाजारपेठ वाढली ती केवळ हमरस्त्याच्या बळावर. म्हणूनच या रस्त्याच्या रुंदीतील प्रत्येक बदल गावाच्या जीवनक्रमात खोलवर उमटलेला दिसतो.

पूर्वेतिहास : भीमा व सीना या नद्यांमधील हा प्रदेश अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सीमेवरचा होता. परांडा, सोलापूर व मंगळवेढा येथील किल्ल्यांमुळे सैन्याची ये-जा नित्याची होती. पण त्या काळचे मार्ग म्हणजे बैलांचे तांडे व घोडदळ यांनी मळलेल्या वाटा होत. काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने गाडी चालणे जवळजवळ अशक्य असे. तोफखान्यासह हालचाल करणाऱ्या फौजांना याचा जाच फार होई. १८१८ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग याच टापूत होऊन २० तारखेस आष्टी येथील लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले. त्याच वर्षी सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुणे–सोलापूर हा मार्ग लष्करी दृष्ट्या कंपनी सरकारच्या आस्थेचा विषय बनला. पुणे, सोलापूर व पलीकडे निजामाच्या राज्यातील सिकंदराबाद येथे छावण्या असल्याने त्यांना जोडणारा बारमाही रस्ता आवश्यक झाला. एकोणिसाव्या शतकात हा रस्ता मुरूम व खडी घालून बांधला गेला. हिंगणगावजवळ तो भीमा ओलांडून इंदापूर तालुक्यातून माढा तालुक्यात शिरत असे.

या रस्त्यास पहिला धक्का लोहमार्गाने दिला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५९ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपर्यंत (तत्कालीन नाव ‘बार्शी रोड’) व १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचली. लोहमार्ग जेऊर, केम या बाजूने उत्तरेकडून काढल्याने टेंभुर्णी त्यापासून सु. २० किमी. दूर राहिली. लांबचा माल व उतारू आगगाडीने जाऊ लागले. हमरस्ता गौण ठरून स्थानकांकडे जाणाऱ्या जोडरस्त्यांना महत्त्व आले. १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी हा अरुंदमापी लोहमार्ग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने सुरू केला व पुढे १९०६ मध्ये तो पंढरपूरपर्यंत नेण्यात आला. तेव्हा तर यात्रेकरूंचाही ओघ टेंभुर्णीपासून वळला. पुढे मोटारीचे युग येईपर्यंत, म्हणजे सु. साठ वर्षे, हा रस्ता बैलगाड्या, टांगे आणि पायी चालणारे यांचाच राहिला.

सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांच्या इतिहासात दुष्काळाचा वाटा मोठा आहे. १८७६–७७ च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी सरकारने तलाव व रस्ते यांची कामे काढली. आष्टीचा तलाव त्याच काळातील. खडी फोडणे, भराव टाकणे, मोऱ्या बांधणे ही कामे भुकेल्या मजुरांनी केली. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२–७३ च्या अवर्षणात, हेच दृश्य पुन्हा दिसले. खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या रांगा सोलापूर जिल्ह्याच्या त्या पिढीच्या स्मरणात कायमच्या राहिल्या. या अनुभवातूनच राज्याची रोजगार हमी योजना आकारास आली व तिला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले. जिल्ह्यातील कित्येक रस्त्यांचा पाया अशा रीतीने दुष्काळी मजुरीने घातला गेला, ही गोष्ट रस्त्यांच्या खर्चाचा हिशोब मांडताना सहसा कोणी विचारात घेत नाही.

मोटारयुग व राष्ट्रीय महामार्ग : पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि खडीच्या रस्त्यांची दुर्दशा झाली. लोखंडी धावेची बैलगाडीची चाके खडी चिरडीत व मोटारीची वेगवान रबरी चाके तिची धूळ उधळून लावीत. दोन्ही वाहने एकाच अरुंद पट्ट्यावरून जात, त्यामुळे रस्त्याचे आयुष्य निम्म्यावर आले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. रस्त्यांचा विकास स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला असून तो राष्ट्रीय आस्थेचा विषय मानला पाहिजे, असे या समितीने प्रतिपादिले. तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय मार्गनिधी उभारण्यात आला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही तांत्रिक संस्था स्थापन झाली आणि १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी प्रतवारी केली. पुणे–सोलापूर–हैदराबाद–विजयवाडा या मार्गास राष्ट्रीय महामार्गाचे स्थान मिळाले, त्याचे मूळ या नागपूर योजनेत आहे.

या मार्गाचे लष्करी महत्त्व सप्टेंबर १९४८ मध्ये पुन्हा एकदा प्रत्ययास आले. हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्याची प्रमुख फळी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून नळदुर्गमार्गे याच रस्त्याने सिकंदराबादकडे गेली.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मध्ये संमत होऊन १९५७ मध्ये अंमलात आला. मालकी केंद्राची आणि बांधकाम व देखभाल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, अशी विभागणी झाली. पुढील दोन-तीन दशकांत रस्त्याचे डांबरीकरण पूर्ण झाले, मोऱ्या रुंद करण्यात आल्या आणि सु. ३·७५ मी. रुंदीचा एकेरी पट्टा टप्प्याटप्प्याने ७ मी. रुंद म्हणजे दुपदरी झाला. दोन्ही कडांना मुरमाच्या बाजूपट्ट्या व त्यांपलीकडे वड, निंब, चिंच यांची झाडे, हे या रस्त्याचे रूप सु. पन्नास वर्षे प्रवाशांच्या परिचयाचे होते.

उजनी धरण व बदललेले अर्थकारण : चौपदरीकरणाची कारणे शोधताना पुण्या-मुंबईची वाढ आणि हैदराबादशी चालणारा व्यापार यांकडे सामान्यतः बोट दाखविले जाते. ते खरे आहे. पण टेंभुर्णी टप्प्यापुरते बोलावयाचे तर भीमेवरील उजनी धरण हे तितकेच प्रबळ कारण होय. माढा तालुक्यात टेंभुर्णीजवळ १९६६ मध्ये सुरू झालेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. ११७ अब्ज घनफूट (सु. ३,३०० दशलक्ष घनमीटर) आहे. जलाशयाखाली इंदापूर, करमाळा, दौंड इ. तालुक्यांतील अनेक गावे गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्यात गेले व उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते आजही उघडे पडते. विस्थापितांना नव्या गावठाणांत जावे लागले. दुसऱ्या बाजूस ज्वारी-करडईच्या कोरडवाहू जमिनी उसाखाली आल्या. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना, अकलूजचा सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील कारखाना आणि परिसरातील इतर कारखाने यांच्याकडे जाणारा ऊस, त्यांतून निघणारी साखर व मळी, तसेच अलीकडील काळात कंदर–टेंभुर्णी भागातून निर्यात होणारी केळी हा सर्व माल रस्त्यावर आला. टेंभुर्णी येथे औद्योगिक वसाहतही उभी राहिली. ज्या रस्त्यावरून पूर्वी केवळ वाटसरू जात, त्यावर आता गावाचा स्वतःचा माल चढू लागला.

महामार्गाच्या वहनक्षमतेचे माप ‘प्रवासी मोटार एकक’ या परिमाणात करतात. साधी मोटार म्हणजे एक एकक; मालमोटार व बस यांस सु. तीन एकके, तर ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाडी यांस वेग मंद असल्याने त्याहूनही अधिक एकके धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्यास दिवसाला सु. १५,००० एककांपर्यंतची वाहतूक सुखाने पेलते. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याची क्षमता ३५,००० ते ४०,००० एकके मानली जाते. पदरांची संख्या दुप्पट झाली असता क्षमता दुपटीहून अधिक वाढते, ही बाब प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिचे कारण असे की, दुपदरी रस्त्यावर मंद वाहनास ओलांडण्यासाठी समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या पट्ट्यात शिरावे लागते. चौपदरी रस्त्यावर तशी गरज उरत नाही. उसाच्या गाड्यांमागे मालमोटारींची लांबच लांब रांग आणि तीतून बाहेर पडण्यासाठी केलेले जीवघेणे धाडस, हे गळीत हंगामातील या रस्त्याचे नित्याचे चित्र होते.

चौपदरीकरणास विलंब : १९९८ नंतर हाती घेतलेल्या राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पात दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणारा सु. ५,८५० किमी. लांबीचा सुवर्ण चतुष्कोन अग्रक्रमाने घेण्यात आला. त्यात पुणे–सातारा–कोल्हापूर–बंगळुरू हा मार्ग आला. पुणे–सोलापूर मार्ग वगळला गेला. दरम्यान मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पूर्ण झाला. परिणामी मुंबईहून पुण्यापर्यंत वेगाने येणारी हैदराबादकडील अवजड वाहतूक पुण्याच्या पूर्वेस दुपदरी रस्त्यावर येऊन अडू लागली. पुण्यालगतचा पहिला टप्पा, म्हणजे हडपसरच्या पुढील किमी. १४ ते ४० हा भाग, केंद्राच्या व राज्याच्या यंत्रणेमार्फत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर आधी चौपदरी झाला व त्यावर कवडीपाट आणि कासुर्डी येथे पथकर नाके बसले. तेथील वसुली २०१९ मध्ये थांबली. त्यापुढील सु. २०९ किमी. रस्ता मात्र विकास प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याची वाट पाहत राहिला. सु. १२,००० किमी. लांबीच्या या टप्प्यात राज्यांच्या राजधान्या, आर्थिक दृष्ट्या महत्त्वाची स्थळे व तीर्थक्षेत्रे यांकडे जाणारे मार्ग निवडले होते.

भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने हे काम दोन भागांत विभागले : किमी. ४० ते किमी. १४४·४ हा यवत–इंदापूर भाग आणि किमी. १४४·४ ते किमी. २४९ हा इंदापूर–सोलापूर भाग. टेंभुर्णी दुसऱ्या भागात येते. दोन्ही भागांचे सवलत-करार २००९ मध्ये झाले. पहिला भाग टाटा उद्योगसमूह व इटलीतील अटलांशिया या कंपनीच्या संयुक्त उपक्रमाकडे आणि दुसरा आयएल अँड एफएस ट्रान्सपोर्टेशन नेटवर्क्स या कंपनीच्या उपकंपनीकडे गेला. संकल्पन, बांधणी, भांडवल-उभारणी, परिचालन व अखेर हस्तांतरण असे या कराराचे स्वरूप होते. सरकारी तिजोरीतून सर्व खर्च न करता खाजगी भांडवल घ्यावयाचे व ते पथकराने फेडावयाचे, हे तत्त्व नवे म्हणून सांगितले जाते. वस्तुतः मुंबई इलाख्यात रस्ते व पूल यांवरील पथकराचा अधिनियम १८७५ चा आहे आणि जुन्या हमरस्त्यांवर नाके असत. नवे होते ते खाजगी कंपनीस दीर्घ मुदतीचा वसुलीचा हक्क देणे.

बांधणी : टेंभुर्णी–मोडनिंब–मोहोळ हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असल्याने खडी व मुरूम मुबलक मिळतात. अडचण येते ती काळ्या कापसाळ मातीची. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर सरळ रस्ता बांधल्यास वरचा डांबरी थर लाटांसारखा वरखाली होतो. म्हणून काळी माती खरवडून काढून तिच्या जागी मुरमाचा भराव देणे, त्यावर सु. अर्धा मीटर जाडीचा घट्ट दाबलेला पायथर, नंतर निचरा करणारा खडीचा थर, ओल्या मिश्रणाची खडी आणि शेवटी डांबरी काँक्रीटचे थर अशा क्रमाने बांधणी करतात. पाण्याचा निचरा नीट झाला नाही, तर वरचे सर्व थर उत्तम असूनही रस्ता खचतो, हा धडा एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनाही ठाऊक होता.

चौपदरी रस्त्यात प्रत्येक दिशेस सु. ७ मी. रुंदीचे दोन पदर, बाहेरच्या बाजूस फरसबंद व मातीच्या बाजूपट्ट्या आणि मध्ये दुभाजक येतो. पुष्कळ ठिकाणी जुना दुपदरी रस्ता कायम ठेवून त्याच्या एका अंगास नवे दोन पदर टाकतात. म्हणजे जुना रस्ता एका दिशेचा आणि नवा दुसऱ्या दिशेचा होतो. बांधणी चालू असताना वाहतूक थांबविता येत नसल्याने ती कधी या अंगावरून तर कधी त्या अंगावरून फिरवावी लागते; कामाच्या काळात प्रवाशांना होणारा त्रास व अपघात यांचे हे प्रमुख कारण होय. भीमा नदीवर जुन्या पुलाशेजारी नवा पूल बांधण्यात आला. दुतर्फा असलेल्या जुन्या झाडांपैकी बहुतेक तुटली. त्यांच्या जागी दुभाजकात कण्हेर व तत्सम झुडपे लावली आहेत. ती समोरच्या दिव्यांचा झोत अडवितात, पण पायी जाणाऱ्यास सावली देत नाहीत.

भूसंपादन : रस्ता रुंद करण्याच्या कामातील अवघड भाग यंत्रांचा नसून जमिनीचा असतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात १९९७ मध्ये दुरुस्ती होऊन महामार्गांसाठी स्वतंत्र व जलद संपादन-पद्धती आली. कलम ३-अ खालील उद्देश-सूचना, एकवीस दिवसांत हरकती, कलम ३-ड खालील घोषणा आणि त्या घोषणेबरोबरच जमीन सरकारकडे निहित होणे, असा तिचा क्रम आहे. मोबदला ठरविण्याचे काम सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारतः प्रांताधिकाऱ्याकडे असते आणि तो अमान्य असल्यास दिवाणी न्यायालयाऐवजी केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते.

या दुरुस्तीतील कलम ३-ज मात्र शेतकऱ्यास फार महागात पडले. १८९४ च्या सर्वसाधारण भूसंपादन अधिनियमाखाली जमीन गेली, तर बाजारभावाच्या वर तीस टक्के दिलासा रक्कम व वाढीव मोबदल्यावर व्याज मिळे. कलम ३-ज अन्वये तो अधिनियम महामार्गांना लागू नसल्याचे ठरविण्यात आले. म्हणजे धरणासाठी जमीन गेली तर दिलासा रक्कम, आणि त्याच शिवारातील शेजारचा गट महामार्गासाठी गेला तर ती नाही, असा भेद निर्माण झाला. उजनीच्या परिसरात तर एकाच कुटुंबाची जमीन आधी जलाशयासाठी वा कालव्यासाठी आणि पुढे रस्त्यासाठी जाणे शक्य होते. त्या कुटुंबास दोन संपादनांचे दोन न्याय पाहावे लागले.

२०१३ चा नवा भूसंपादन कायदा बाजारभावाइतकीच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा रक्कम देतो. त्यातील मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाल्या. टेंभुर्णी टप्प्याचे संपादन त्यापूर्वीचे असल्याने येथील शेतकरी त्या लाभाबाहेर राहिले. काही वर्षांनी शेजारून गेलेल्या पालखीमार्गासाठी नव्या कायद्याप्रमाणे मोबदला मिळाला, तेव्हा ही तफावत सर्वांच्या डोळ्यांत भरली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३-ज दिलासा रक्कम व व्याज नाकारते तेवढ्यापुरते घटनाबाह्य ठरविले. समानतेच्या तत्त्वाशी ते विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा आधार होता. हा निर्णय केवळ पुढील प्रकरणांपुरता मर्यादित करावा, ही प्राधिकरणाची विनंती न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळली. १९९७ ते २०१५ या काळात देशभर महामार्गांसाठी गेलेल्या जमिनींच्या दृष्टीने हे निर्णय मोलाचे आहेत. परंतु कज्जा चालविण्याइतकी कुवत असलेला शेतकरी आणि मिळेल ती रक्कम घेऊन गप्प बसलेला शेतकरी यांत फरक पडतोच.

मोबदल्याच्या हिशोबात जमिनीचे क्षेत्र येते. विहीर, घर व झाडे येतात. जे येत नाही किंवा अपुरे येते, त्यात पाण्याच्या जलवाहिन्या विशेष उल्लेखनीय होत. भीमेच्या व जलाशयाच्या काठांवरून उपसा करून कित्येक किमी. दूरच्या शेतात पाणी नेणाऱ्या वाहिन्या हे या टापूचे वैशिष्ट्य आहे. त्या रस्ता ओलांडतात, तेथे नव्या भरावाखालून वाट ठेवावी लागते. ती न ठेवल्यास बागायत शेत एका हंगामात कोरडवाहू होते. तसेच शेताचे दोन तुकडे रस्त्याच्या दोन अंगांस पडले, तर बैल, अवजारे व मजूर यांना दुभाजकाच्या जवळच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन परत यावे लागते.

बाह्यवळण व बाजारपेठ : जुना महामार्ग गावाच्या बाजारपेठेतून जात असे. चौपदरी रस्ता गावाबाहेरून बाह्यवळणाने नेण्यात आला. गावातील कोंडी त्यामुळे कमी झाली व शाळकरी मुले, आठवडी बाजाराला आलेले लोक यांना अवजड मालमोटारींपासून सुटका मिळाली. उलट, थांबणाऱ्या वाहनांवर उपजीविका असलेली उपाहारगृहे, पंक्चर काढणारे, फळविक्रेते यांचे गिऱ्हाईक घटले. ज्यांच्याकडे नव्या मार्गालगत जमीन होती, त्यांनी तेथे पेट्रोल पंप व खानावळी काढल्या. ज्यांच्याकडे नव्हती, ते जुन्या पेठेत मागे राहिले. लोहमार्गाने एकोणिसाव्या शतकात गावास बाजूस टाकले, त्याच्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु ती पूर्णांशाने बरोबर नाही. पंढरपूर, अकलूज आणि कुर्डुवाडी या तिन्ही दिशांचे रस्ते टेंभुर्णीतच मिळत असल्याने वाहनास येथे उतरावेच लागते. साताऱ्याहून म्हसवड, माळशिरस, अकलूज, टेंभुर्णी, बार्शी व येरमाळा या मार्गाने विदर्भाकडे जाणाऱ्या रस्त्यास पुढे राष्ट्रीय महामार्ग क्र. ५४८-सी हा दर्जा मिळाला, तेव्हा तर गाव दोन राष्ट्रीय महामार्गांच्या छेदावर आले.

पथकर : इंदापूर–सोलापूर टप्पा सु. २०१३ मध्ये वाहतुकीस व पथकर-वसुलीस खुला झाला. या भागातील नाके माढा तालुक्यात वरवडे व मोहोळ तालुक्यात सावळेश्वर येथे आहेत. पहिल्या भागातील नाके पाटस व सरडेवाडी येथे. पथकराचा दर २००८ च्या केंद्रीय नियमांनुसार ठरतो व दरवर्षी तीन टक्के अधिक घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या चाळीस टक्के या प्रमाणात वाढतो. दुचाकी, ट्रॅक्टर व पशूंनी ओढलेली वाहने यांना सामान्यतः आकार नाही. नाक्यापासून वीस किमी.च्या आतील खाजगी वाहनधारकांसाठी मासिक पास आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर नाक्यावरील रांगा पुष्कळ कमी झाल्या. दुसऱ्या भागाची सवलतधारक कंपनी ज्या समूहाची होती, तो आयएल अँड एफएस समूह २०१८ मध्ये कर्जफेडीस असमर्थ ठरला आणि केंद्र सरकारने त्याचे संचालक मंडळ बदलले. रस्ता पूर्ण झालेला असल्याने वाहतुकीवर त्याचा परिणाम झाला नाही. तथापि सार्वजनिक मार्गाचे भवितव्य खाजगी कंपनीच्या ताळेबंदाशी किती जखडले जाऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. हाच प्रसंग बांधकाम अर्धवट असताना ओढवता, तर काय झाले असते, हे देशातील इतर रखडलेल्या महामार्गांवरून कळते.

सुरक्षा : दुभाजकामुळे समोरासमोर होणाऱ्या धडका कमी होतात, पण वेग वाढल्याने मागून आदळण्याचे प्रकार वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या गळीत हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या याच मार्गावर येतात. मागील दिवे वा परावर्तक नसलेली ट्रॉली ताशी ऐंशी किमी. वेगाने येणाऱ्या वाहनास अगदी जवळ आल्यावरच दिसते. कारखान्यांनी ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याची मोहीम दर हंगामात होते व तिची गरज दर हंगामात उरते. दुभाजकातील मोकळ्या जागा दूर असल्याने विरुद्ध दिशेने वाहन हाकण्याची सवय हेही अपघातांचे एक कारण. त्यास केवळ चालकाचा बेशिस्तपणा म्हणणे पुरेसे नाही. सेवारस्ता सलग नसेल, तर समोर दिसणाऱ्या शेतात जाण्यासाठी दोन-तीन किमी.चा फेरा पडतो आणि संकल्पनातील ही उणीव मनुष्य आपल्या जोखमीवर भरून काढतो.

सोलापूरपर्यंतच्या रस्त्यानंतर सोलापूर–हैदराबाद, सोलापूर–विजयपूर व सोलापूर–येडशी–औरंगाबाद (सांप्रत छत्रपती संभाजीनगर) हे मार्गही चौपदरी झाले. संत तुकाराम महाराज पालखीमार्गाची (पाटस–बारामती–इंदापूर–अकलूज–बोंडले) पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायवाट हे त्याचे वैशिष्ट्य. मोडनिंबजवळील अरण या संत सावता माळी यांच्या गावी जाणारे भाविक आजही टेंभुर्णीवरून याच महामार्गाने जातात. टेंभुर्णीतील जुना मार्ग गावातील अंतर्गत रस्ता म्हणून वापरात असून पंढरपूर व कुर्डुवाडीकडील बसगाड्या त्यावरूनच स्थानकात येतात.